डागाळलेल्या गाडीवर ३२ हजार घालावेत का?

प्रश्न: २०१६ची लाल हॅचबॅक आहे. दोन वर्षं सोसायटीत आंब्याखाली उभी होती, धुतली जायची ती बोअरच्या पाण्याने. बॉनेट आणि टपावर पांढरे ठिपके, चीक, पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग आहेत. पॉलिश आणि सिरॅमिक कोटिंगचे ३२,००० रुपये सांगितलेत. दीड वर्षाने ही गाडी विकून नवी घ्यायची आहे. एफडी मोडू की विम्यातून रंगवून घेऊ? एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) ५० टक्के आहे.

उत्तर: दोन्ही नको.

विम्याचं आधी. ऊन, पाणी, पक्षी यांनी हळूहळू खराब झालेला रंग पॉलिसीच्या लेखी झीज असते, तिचा क्लेम मिळत नाही. ‘एखादा ओरखडा दाखवून बसवून देतो’ असं कुणी म्हणालं तर तो खोटा क्लेम झाला. शिवाय क्लेम मंजूर होताच एनसीबी शून्यावर येतो. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलंत की तो नव्या गाडीला लागतो. तिचा ओन डॅमेज (गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा) प्रीमियम १६,००० धरला तर ८,००० तिथेच वाचले.

आता ३२,०००. कोटिंग पारदर्शक असतं, ते डाग काढत नाही. डाग जातात ते आधीच्या साफसफाईने आणि पॉलिशने. कोटिंगची किंमत वसूल व्हायला गाडी काही वर्षं जवळ ठेवावी लागते. तुमच्या बाबतीत त्याचा उपभोग पुढचा मालक घेईल आणि त्यासाठी जादा पैसे मात्र देणार नाही.

तेव्हा एक रविवार आणि साधारण दोन हजार खर्चून डाग कुठल्या जातीचा आहे ते बघा. गाडी सावलीत, पत्रा थंड. कार शॅम्पूने धुऊन हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि टपावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर घाण रंगावर बसलेली आहे, ती निघते. चिकाला कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. पांढऱ्या ठिपक्यांना पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं: ओलं फडकं एक-दोन मिनिटं ठेवायचं, वाळू न देता धुऊन टाकायचं. उरलेल्या खरखरीला क्ले बार (घाण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी), भरपूर शॅम्पूच्या पाण्यावर, जोर न लावता. क्ले खाली पडला तर सरळ फेकून द्या. त्यात रुतलेला एक खडा अख्ख्या बॉनेटवर रेघा ओढतो.

एवढं करूनही हाताला गुळगुळीत लागणारा पण डोळ्याला दिसणारा डाग क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात उतरलाय. विष्ठेचे जुने डाग बहुधा याच जातीचे असतील. इथे मशीन पॉलिश लागतं, पण फक्त बॉनेट आणि टपाला. तेवढ्याचाच भाव मागा. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातला थोडा जातो. म्हणून आधी सौम्य पॉलिश आणि फोम पॅड, कोपऱ्यातल्या हातभर जागेवर करून दाखवायला सांगा. नाक्यावरच्या रोटरी मशीनचं ‘रबिंग’ नको, पॅनेलच्या कडा त्यात पटकन जळतात. पांढऱ्या पॉलिश-कापडावर लाल रंग उतरला तर गाडीला क्लिअर कोटच नाही, मग हात आणखी हलका.

नख अडकत असेल किंवा पापुद्रे सुटले असतील तर पॉलिश विसरा. ते पॅनेल रंगवणं हा एकच इलाज, पण विकायच्या गाडीला तोही करू नका. जुन्या गाड्यांचे डीलर रंगाची जाडी मोजणारा मीटर लावतात. नव्याने रंगवलेला टप दिसला की अपघाताची शंका येते आणि भाव डागापेक्षा जास्त पडतो.

एफडी नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला राहू द्या. वॉचमनला मात्र आजच सांगा: बोअरच्या पाण्याने धुतली तर लगेच कोरड्या मायक्रोफायबरने पुसायची, उन्हात वाळायला सोडायची नाही.