एकाच वहीत वॉशिंग्टन आणि बिअर

प्रश्न : ताई, मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो, वय 46. दोन वर्षं झाली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची चरित्रं नंबरानं वाचतोय, जॅक्सनपर्यंत सात झाली. महिन्यातून एकदा कोयना एक्सप्रेसनं पुण्याला मुलीकडं जातो तेव्हा तिथल्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर करून देणाऱ्या हॉटेलात, एक ग्लास घेतो आणि चव कशी होती ते त्याच वहीत लिहितो. मिसेस म्हणते दोन वह्या करा, हे काय एकत्र लिहायचं असतंय का. पण चवीचं लिहायला बसलं की "कडू, छान" याच्या पुढं गाडी जात नाही. पुढचे दोघं-तिघं वाचायलाच पाहिजेत का? आणि वॉशिंग्टनची बिअरची रेसिपी घरी केली तर चालेल का?

उत्तर : दादा, वही एकच ठेवा. वहिनींना सांगा की वॉशिंग्टननं पण हेच केलं होतं. 1757 मध्ये तो 25 वर्षांचा, व्हर्जिनियाच्या फौजेत कर्नल होता, तेव्हाच्या त्याच्या वहीत 'स्मॉल बिअर'ची, म्हणजे हलक्या, कमी नशेच्या बिअरची कृती लिहिलेली आहे. कोंडा आणि हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती एका वेलाची कडवट फुलं) तीन तास उकळायचे, 30 गॅलन गाळून घ्यायचं, 3 गॅलन मोलॅसिसवर उकळतं ओतायचं, मोलॅसिस म्हणजे आपल्या साखर कारखान्यात निघते ती मळीच की, मग कोमट झालं की यीस्ट घालायचं आणि थंडी जास्त असेल तर वरनं ब्लँकेट टाकायचं. हे ब्लँकेट मला फार आवडतं. आपण थंडीत विरजणाच्या भांड्याला टॉवेल गुंडाळतो तसंच. जाडजूड चरित्रात लढाया, करार सगळं असतं पण माणूस असा जवळ बसल्यासारखा वाटतो तो अशा एखाद्या ओळीत.

जेफरसनचं वाचलंय ना, मग त्या पानावर अजून एक नाव लिहा, पीटर हेमिंग्ज. मॉन्टिसेलोला, म्हणजे जेफरसनच्या घरी, बिअर करायचा तो हा, जेफरसनचा गुलाम. अमेरिका आणि ब्रिटनच्या 1812 च्या युद्धामुळं एक इंग्लिश ब्रुअर, म्हणजे बिअर करणारा, तिकडं अडकला होता, त्याच्याकडनं शिकला आणि पुढं तिथली बिअर त्याच्याच हातची. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्याच्या घरात बिअर करणारा माणूस स्वतंत्र नव्हता, हे मला वाचताना फार लागलं आणि ते वहीत आलंच पाहिजे.

चवीसाठी पुस्तकी शब्द शोधू नका, आपले घ्या. ग्लास फार गार असला तर चव कळत नाही, दोन-चार मिनिटं थांबा, आधी वास घ्या. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो यीस्टमुळं, कुणी केळं घातलेलं नसतं. स्टाउटला, म्हणजे काळ्या बिअरला, करपट भाजलेल्या धान्याचा, कॉफीसारखा. कडूपणा हॉप्सचा. तो मेथीसारखा, कारल्यासारखा की संत्र्याच्या सालीसारखा, एवढं लिहिलं तरी पुढच्या महिन्यात तुम्हाला ती बिअर आठवेल. दिवसाला एकच ग्लास, आणि वाचन त्याच्या आधी.

नंबर मोडायला काही हरकत नाही. नववा हॅरिसन 1841 मध्ये महिनाभरातच गेला, त्याला एक संध्याकाळ पुरते. तुमच्यासारख्यानं सरळ 39 व्या जिमी कार्टरवर उडी मारावी असं मी म्हणेन, कारण तुमचा घरच्या बिअरचा प्रश्न तिथंच येऊन मिळतो. 1933 मध्ये तिकडची दारूबंदी उठली पण घरी बिअर करायची परवानगी राहूनच गेली, ती कार्टरनं 1978 मध्ये सही केली तेव्हा मिळाली, आणि घरी करून शिकलेल्यांतल्याच कित्येकांनी पुढं छोट्या ब्रुअरी काढल्या. आज आपण ज्याला क्राफ्ट बिअर म्हणतो ती बरीचशी तिथनं वाढली.

आपल्याकडं मात्र 1949 चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरी करता येत नाही, तेव्हा ते नको. त्यापेक्षा यंदा शिराळ्याकडं नाहीतर कऱ्हाडकडं गुऱ्हाळं सुरू झाली की एक दिवस जा, गरम काकवीचा वास नाकात भरून घ्या, आणि मग पुण्यात काळी बिअर मागवून तो त्यात सापडतो का बघा. सापडला तर मला लिहून कळवा.