युनियनवरच दावा ठोकायचा?

प्रश्न : मी न्यू जर्सीत इलेक्ट्रिशियन आहे, अकरा वर्षं युनियनचा सभासद. काम युनियनच्या हॉलमधून, यादीतल्या नंबरानुसार मिळतं. फोरमन माझ्या रंगावरून बोलतो म्हणून युनियनकडे गेलो. एजंट म्हणाला, "रंगाचं राहू दे, ओव्हरटाइमची तक्रार लिहू." मी भर सभेत उठून बोललो. तेव्हापासून माझा नंबर आला की मागच्याला बोलावतात. वडील परळच्या गिरणीत होते, संपात उपाशी राहिलेले. युनियनला कोर्टात खेचायचं म्हणजे त्यांच्याशी बेइमानी वाटते.
– एक वाचक

उत्तर : आधी वडिलांचं. त्यांच्याच गिरणगावात विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा जोडताना तोंडाला लावावा लागे. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढेच ठेवला. तेव्हा युनियनला जाब विचारणारे तुम्ही काही पहिले नव्हे.

'रंगाचं राहू दे' हे वाक्य तारखेसकट लिहून ठेवा. पेनसिल्व्हेनियातल्या ल्यूकन्स स्टीलमध्ये हेच चालायचं. कृष्णवर्णीयांच्या वंशभेदाच्या तक्रारी युनियन मुद्दाम पुढे नेत नसे. आमच्या मनात द्वेष नाही, हा बचाव १९८७ साली सुप्रीम कोर्टात टिकला नाही.

पण मला तुमची दुसरी बाजू जास्त भक्कम वाटते. १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं, नोकरीतल्या भेदभावाला मनाई करणारं सातवं प्रकरण युनियनलाही लागू आहे आणि तक्रारीबद्दल सूड उगवायला त्यात वेगळी मनाई आहे. फोरमनचं वागणं सिद्ध झालं नाही तरी सुडाचा दावा टिकू शकतो. तुमची तक्रार प्रामाणिक आणि सकारण होती, आणि नंबर तिच्यामुळेच डावलला, हे दाखवावं लागेल. हॉलमधल्या यादीचे फोटो आहेत का? नसतील तर उद्यापासून काढा. मागच्या नंबरवाल्याला कुठल्या दिवशी, कुठल्या कामावर धाडलं तेही टिपा.

आता मुदती. ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी आयोगाकडे, तुमच्या राज्यातून ३०० दिवसांत तक्रार करायची, प्रत्येक डावलण्याचे दिवस वेगळे. युनियनमध्ये अपील चालू असलं तरी हे दिवस थांबत नाहीत. माणसं फसतात ती इथेच. मालक आणि युनियन यांच्याविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे जायला तर सहाच महिने. ईईओसीचं दाव्याच्या परवानगीचं पत्र हाती पडलं की ९० दिवसांत कोर्ट गाठायचं.

एजंटला यापुढे फोन नको, मेसेज करा. आणि वर्गणी एक दिवसही थकवू नका. यादीतून नाव काढायला त्यांना तेवढं निमित्त पुरेल.