विंडसरचे हंस किती जवळून पाहावेत?

प्रश्न : आम्ही दोघे सध्या मुलाकडे इंग्लंडमध्ये, स्लाऊ येथे आलो आहोत. विंडसरला थेम्स नदीच्या काठी नातीने ब्रेडचा तुकडा पुढे करताच एक हंस फूत्कार टाकत तिच्या अंगावर आला. हंसाच्या पंखाच्या फटक्याने माणसाचा हात मोडतो, हे खरे आहे का? त्यांना ब्रेड घालावा का? आणि हे सगळे हंस राजाच्या मालकीचे असतात, असे सूनबाई म्हणतात, ते कितपत खरे?
— एक वाचक, स्लाऊ

उत्तर : विंडसरला आपण पाहिलेले हंस ‘म्यूट स्वान’ या जातीचे आहेत. यातील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १० ते १२ किलो भरते आणि पसरलेल्या पंखांची लांबी दोन मीटरहून अधिक असते, त्यामुळे लहान मूल त्याला घाबरले यात नवल नाही. पंखाचा फटका चांगलाच झोंबतो, काळेनिळेही होते. मात्र पक्ष्याचे पंख हलक्या हाडांचे असतात, आणि धडधाकट माणसाचा हात मोडण्याची गोष्ट इंग्लंडमध्ये सांगितली जाते तितकी घडताना दिसत नाही.

नातीच्या बाबतीत तो राग नसून हक्काची मागणी असावी. वर्षानुवर्षे हातातून खाऊ मिळालेला हंस माणसाला भीत नाही आणि उशीर झाला की अंगावर येतो. खरी चिडलेली अवस्था वेगळी. साधारण एप्रिल-मे महिन्यांत मादी अंड्यांवर बसते, सुमारे पाच ते सहा आठवडे उबवते, आणि त्या काळात, तसेच पुढे पिल्ले लहान असेपर्यंत, नर दोन्ही पंख पाठीवर कमानीसारखे उभारून, मान मागे खेचून, पाण्यातून झटक्याझटक्याने पुढे सरकतो. असे दिसताच मुलाला जवळ घेऊन, न धावता, मागे सरावे. सोबत कुत्रा असल्यास त्याला आखूड पट्ट्यावर धरावे.

ताजा ब्रेड थोडा घातल्याने काही बिघडत नाही, बुरशी आलेला मात्र कधीही घालू नये. त्यापेक्षा गहू किंवा लेट्यूसची बारीक चिरलेली पाने बरी. खाणे हातावर न देता पाण्यात टाकावे, कारण काठावर खाऊ मिळाला की हंस रस्त्यापर्यंत चालत येतात, आणि तुमच्यासारखे प्रसंग तेथेच घडतात. २०२२च्या सुरुवातीला विंडसरच्या हंसांत बर्ड फ्लू पसरला होता, म्हणून आजारी वा मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये आणि घरी आल्यावर हात धुवावेत.

सूनबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. खुल्या पाण्यातील, खूण नसलेल्या म्यूट स्वान हंसांवर राजाचा हक्क मानला जातो, पण प्रत्यक्षात तो थेम्सच्या ठरावीक भागापुरताच बजावला जातो, आणि तेथेही व्हिंटनर्स व डायर्स या लंडनच्या दोन जुन्या व्यापारी संघांचे काही हंस आहेत. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हे तिन्ही पक्ष होड्यांतून येऊन पिल्ले पकडतात, वजन करतात, गळाचा दोरा अडकला आहे का ते पाहतात आणि पुन्हा सोडून देतात. तोपर्यंत मुक्काम असल्यास नातीला हा सोहळा काठावरून जरूर दाखवावा.