'फूड स्टॅम्प'ला रेशन म्हणावे का?

प्रश्न असा: अमेरिकेतल्या एका बाईविषयी 'ती फूड स्टॅम्पवर जगते' असे वाक्य भाषांतरात आले आहे. तिथे 'तिला रेशन मिळते' म्हटले तर चालेल का?

नाही. रेशन म्हटले की आपल्याला ठरलेले दुकान, ठरलेले धान्य आणि माणशी ठरलेले किलो आठवतात. 'फूड स्टॅम्प' ही कमी उत्पन्नाच्या घरांना अन्न घेण्यासाठी मदत देणारी अमेरिकी सरकारची योजना. या योजनेत सरकार धान्य देत नाही, दरमहा कार्डात रक्कम भरते. योजनेत नोंदलेल्या कोणत्याही दुकानात पिन टाकून ते कार्ड चालते, आणि तांदूळ घ्यायचा की मासे, हे घेणारी ठरवते. रेशन या शब्दात तिची निवडच पुसली जाते.

'स्टॅम्प' तर आता फक्त बोलण्यात उरला आहे. १९३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात योजना सुरू झाली तेव्हा एक डॉलरची नारिंगी तिकिटे विकत घेतली की ५० सेंटची निळी तिकिटे वर मिळत. निळ्यांवर फक्त शिलकी शेतमाल घेता येई. पुढच्या काळात कुपनांची पुस्तिका आली. गल्ल्यावर कुपने फाडून देताना मागच्या रांगेला सगळे दिसायचे. २००४ पर्यंत सर्व राज्यांत कार्ड आले, ते बँकेच्या कार्डासारखेच दिसते. २००८ मध्ये नाव 'स्नॅप' (सप्लिमेंटल न्यूट्रिशन असिस्टन्स प्रोग्रॅम) झाले आणि त्यातला पहिलाच शब्द 'पूरक' असा आहे. म्हणून 'जगते' हे क्रियापदही खोटे पडते. यातल्या पुष्कळ घरांत कुणी ना कुणी कामावर जाते.

माझी पसंती 'शिधाभत्ता' या शब्दाला. शिधा म्हणजे कोरडे जिन्नस, घरी नेऊन रांधायचे. नियमही जवळजवळ तोच आहे: काउंटरवरची गरम भाजलेली कोंबडी सहसा या कार्डावर मिळत नाही, तीच गार करून फ्रीजमध्ये ठेवली तर मिळते. ब्रेड, दूध, भाजीची रोपेसुद्धा चालतात. साबण, डायपर, सॅनिटरी पॅड यांचे पैसे वेगळे मोजावे लागतात. शिधापत्रिकेमुळे हा शब्द रेशनला चिकटला आहे खरा, पण 'भत्ता' जोडला की रक्कम पुढे येते. शिवाय महागाई भत्ता घेणाऱ्याला आपण कधी याचक म्हणत नाही.

तेव्हा वाक्य असे करावे: 'तिला दरमहा सरकारी शिधाभत्ता मिळतो.' त्याच लेखात 'फूड पँट्री' आली तर 'मोफत शिधावाटप' म्हणावे. 'अन्नछत्र' हा शब्द जिथे शिजवलेले ताट वाढतात त्या 'सूप किचन'साठी राखून ठेवावा.