जोडी जमवताना घाई नको

सुभेदारसाहेबांना सोबतीला निवाऱ्यातलं कुत्रं द्यायचंय ना? मग कुत्रं नंतर निवड, आधी त्यांचा दिवस बघ. पहाटे फिरतात का, रात्री दचकून उठतात का, घरात नातवंडं आहेत का. गुडघे दुखत असतील तर ओढ घेणारं तरणं कुत्रं देऊ नकोस, कितीही शिकवलेलं असो. मे महिन्यात सोलापूरच्या डांबरावर पंजे भाजतात, तेव्हा फिरणं उजाडतानाच. आवाजाची परीक्षा मात्र नीट घे. जानेवारीत तिथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला शोभेचं दारूकाम होतं. तेव्हा माणूस आणि कुत्रं दोघंही बिथरले तर कोण कुणाला सावरणार? रेबीजच्या लशीचं कार्ड सोबत दे. आणि काकूंना विचारल्याशिवाय तर मुळीच नेऊ नकोस, भाकरी त्याच घालणार आहेत.