‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ तर दिसतंय, पण परवाना कुणाचा?

प्रश्न : मुलगी यंदा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्यासाठी सोलापुरातून १७,५०० रुपयांना जुना लॅपटॉप घेतला. एका कंपनीतून निघालेला, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह. दुकानदार म्हणाला, ‘विंडोज ओरिजिनल आहे, अ‍ॅक्टिव्हेटेड दिसतंय बघा.’ शेजारचा मुलगा म्हणतो, क्रॅक आहे. बिलावर नुसतं ‘लॅपटॉप १ नग’. खरं कसं ओळखायचं?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ या एका शब्दावर जाऊ नका, पुढचे शब्द वाचा. सेटिंग्ज, सिस्टिम, मग अ‍ॅक्टिव्हेशन (विंडोज १० असेल, तर सेटिंग्ज, ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, मग अ‍ॅक्टिव्हेशन). तिथे ‘ऑर्गनायझेशन्स अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस’ असं लिहिलेलं असेल, तर तो परवाना एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवरून, म्हणजे मध्यवर्ती कॉम्प्युटरवरून आलाय, किंवा तसा सर्व्हर असल्याचं क्रॅकने, म्हणजे परवाना चुकवणाऱ्या बेकायदा प्रोग्रॅमने भासवलंय. दोन्हीतलं काहीही असो, तो तुमच्या मुलीचा नाही. ‘डिजिटल लायसन्स’ दिसलं तर चांगली खूण, पण तेवढ्यावरही मी थांबत नाही.

आणखी एक बघा. स्टार्टवर उजवं क्लिक करून ‘रन’ उघडा आणि इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, एक स्पेस, स्लॅश, एक्स-पी-आर टाइप करा. छोटी चौकट येईल. तिच्यात परवाना संपण्याची तारीख दिसली, तर तो कंपन्यांना मिळणारा १८० दिवसांचा परवाना. कंपनीत तो आपोआप वाढत राहतो, तुमच्या घरी वाढणार नाही.

आणि वाढत असेल, तर जास्त काळजी करा. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा असाच लॅपटॉप माझ्या टेबलावर घेऊन आला. विंडोज सिक्युरिटीतली ‘एक्सक्लूजन्स’ची यादी उघडली, तर सी ड्राइव्हमधलं एक फोल्डर तिथे नोंदवलेलं. म्हणजे अँटिव्हायरसला सांगून ठेवलं होतं, इथे बघू नकोस. क्रॅक तिथेच बसलं होतं आणि ठरलेल्या वेळी उठून परवाना वाढवत होतं. त्याच लॅपटॉपवर त्याच्या वडिलांचं नेटबँकिंग चालायचं. मी त्यांना तिथूनच फोन लावायला लावला, दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला म्हणून. तुमच्याकडची ती यादी आजच बघा.

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. त्या लॅपटॉपच्या मदरबोर्डातच अस्सल विंडोजची की, म्हणजे परवान्याचा क्रमांक होता! २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून कंपन्या २५ अक्षरांची की मशीनच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या कायमच्या प्रोग्रॅममध्येच भरून देतात, म्हणून मागच्या स्टिकरवर ती छापलेली नसते. पण दुकानात एक डिस्क तयार करून तीच वीस लॅपटॉपवर उतरवतात. मशीनमधला खरा परवाना तसाच पडून राहतो आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात चोरीचा बांधला जातो.

तुमचा आय-फाइव्ह आठव्या पिढीचा आहे. विंडोजसकट विकलेला असेल आणि बोर्ड बदललेला नसेल, तर त्यात विंडोज १० ची की असणार, आणि तिच्यावर विंडोज ११ चालतं. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा ११ च टाका. मुलीच्या फाइली आधी बाहेर काढा. दुसऱ्या, खात्रीच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा, जुनी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) उडवा आणि कोरं विंडोज घाला. ‘रीसेट’ नको, त्याने जुनीच आवृत्ती परत येते. की सापडली तर विंडोज आवृत्ती न विचारता पुढे जातं, नेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेट होतं. घरगुती ‘होम’ आवृत्ती आली आणि आधी कंपन्यांसाठीची ‘प्रो’ होती, तरी बिघडत नाही.

सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव दाखवून लॉगिन मागितलं, तर लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. तो परत करा, तडजोड करू नका.

की नसेलच, तर नेटवर तीन-चारशे रुपयांना मिळणारी घेऊ नका. त्यातल्या पुष्कळशा कंपन्यांच्या सामायिक परवान्यातल्या असतात, पुढे बंद पडतात. नुसतं प्रोग्रॅमिंग करायचं असेल तर विंडोजऐवजी टाकता येणारं लिनक्स मिंट फुकट आहे आणि छान चालतं. इंजिनीअरिंग ड्रॉइंगचं ऑटोकॅड मात्र त्यावर चालत नाही, तेव्हा आधी कॉलेजात विचारा.

दुकानात जाल तेव्हा भांडू नका. लॅपटॉपखालचा सिरीयल नंबर बिलावर लिहून मागा आणि विंडोजचा परवाना सोबत दिलाय की नाही, तेही लिहून मागा. लिहून द्यायला तो काचकूच करू लागला, तर पैसे परत मागायला तिथेच सुरुवात करा.