सदर बझारातले जुने घर: घ्यावे, की आधी तिथे राहून पाहावे?

ताई, तुमचे चार पानांचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा आकड्यांसाठी, दुसऱ्यांदा तुमच्यासाठी.

इतर वाचकांसाठी पत्रातला मजकूर थोडक्यात सांगतो. ताई ४७ वर्षांच्या, अनुदानित शाळेत शिक्षिका. मिस्टर ५२ वर्षांचे, एमआयडीसीतल्या कंपनीत, ५८ ला निवृत्त होणार. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई. साताऱ्यात गोडोलीला स्वतःचा फ्लॅट आहे, कर्ज फिटलेले, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. सदर बझारात, ताई ज्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकल्या त्याच्या जवळ, अडीच गुंठ्यांवरचे स्वातंत्र्यापूर्वीचे कौलारू घर विकायला आहे. मागणी ८८ लाखांची. मालक तीन भावंडे, त्यांतली एक बहीण अमेरिकेत. फ्लॅट विकायचा, ठेव मोडायची, ४० लाखांचे कर्ज काढायचे, वरच्या मजल्यावर आठ विद्यार्थी ठेवून हप्त्याला हातभार लावायचा आणि दसऱ्याला एक लाख इसार द्यायचा, असा बेत आहे. "देऊ का?" एवढाच प्रश्न.

नका देऊ. का ते सांगतो, आणि मग काय करता येईल तेही सांगतो, कारण तुमची गरज खरी आहे.

तुम्ही मांडलेला हिशोब असा. घर ८८, रंगरंगोटी आणि डागडुजी ५, एकूण ९३ लाख. फ्लॅटचे ४०, ठेवीतले १३, कर्ज ४०. साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता साधारण ३९,४०० रुपये. आठ मुलांचे प्रत्येकी ३,००० म्हणजे २४,००० भाडे आले की खिशातून १५,४००. दोघांच्या हातात मिळून १,१५,००० येतात, घरखर्च ६२,०००, मुलाचे २२,०००, एसआयपी १२,०००, उरतात १९,०००. म्हणजे बसते. कागदावर बरोबर बसते, म्हणूनच मला काळजी वाटली.

आधी डागडुजी. मी स्वतः साताऱ्यातल्या एका पेठेत, आजोबांच्या वाड्यात वाढलो. दर मे महिन्यात कौले चाळायला माणसे यायची, आणि तरीही जुलैत माजघरात दोन ठिकाणी पातेली ठेवावी लागायची. तुम्ही घर पाहिलेत ते मार्चमध्ये. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा पाऊस भिंतीत किती चढतो, ते मार्चमधली भिंत सांगत नाही. घर दोन वर्षे बंद आहे असे तुम्हीच लिहिले आहे. बंद घरात वाळवी निवांत असते. वासे, रीपा, सागवानी तुळयांची भिंतीत गेलेली टोके, चुन्यातले बांधकाम, जुनी वायरिंग, आणि आठ मुलांना पुरणार नाही असे एकच न्हाणीघर. हे सगळे ५ लाखांत होत नाही. तुमच्या रंगाऱ्याने रंगाचा अंदाज दिला आहे, घराचा नाही. मी १४ लाख धरतो, तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरने घर टिकाऊ आहे असे लेखी दिले तर.

त्यात मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि दलाली तुमच्या यादीतच नाहीत. तुमच्या एकटीच्या नावावर घेतलेत तर मुद्रांक शुल्कात महिलांसाठीची १ टक्का सवलत मिळेल, नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० असते, तरीही सगळे मिळून ६ लाखांच्या आसपास ठेवावे लागतील. झाले १०८ लाख. त्यातून फ्लॅटचे ४० वजा करा. ठेव तुमच्याकडे १४ लाखांची आहे, तिच्यातले ६ लाख सासूबाईंच्या आजारपणासाठी आणि अडीअडचणीसाठी कोणत्याही परिस्थितीत ठेवायचे, म्हणजे ८ वापरता येतील. उरले ६० लाख. कर्ज ४० चे नाही, ६० चे आहे. त्याचा १५ वर्षांचा हप्ता ५९,१००.

आता भाडे. तुम्ही लिहिले आहे, "आता विद्यापीठ झाले, मुले वाढणारच." कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ २०२१ मध्ये झाले हे खरे, पण ते झाले शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही तीन कॉलेजे एकत्र आणून. ही तिन्ही आधीपासून तिथेच होती. पूर्वी पदवीवर कोल्हापूरच्या विद्यापीठाचे नाव असायचे, आता साताऱ्याचे असते. पाटी बदलली म्हणून खोली शोधणारी मुले एका रात्रीत दुप्पट होत नाहीत. शिवाय या कॉलेजांत येणारी पुष्कळ मुले कोरेगाव, रहिमतपूर, मेढा, वाई इथून एसटीच्या पासवर ये-जा करतात. आणि जी राहतात त्यांच्यासाठी साताऱ्यात वसतिगृहांची परंपरा किती जुनी आहे ते तुम्हाला मी काय सांगू! कर्मवीरांनी १९२४ मध्ये रयत शिक्षण संस्थेचे काम साताऱ्यात आणले ते वसतिगृहासाठीच, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. १९४७ चे तुमचे कॉलेज तर 'कमवा आणि शिका' वरच उभे राहिले. ज्या गावात गरीब मुलाला कमी खर्चात राहता यावे म्हणून एका माणसाने आयुष्य घातले, तिथे माणशी ३,००० ने आठही जागा बारा महिने भरतील असे मी धरू शकत नाही.

मी सहा मुले आणि दहा महिने धरतो. वर्षाला १,८०,०००. पाणी, वीज, सफाई, मोडतोड यांचे ५०,००० गेले की १,३०,०००, महिन्याला १०,८००. भाड्याच्या उत्पन्नावर करात ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, ती जमेची बाजू. पण कर्जाच्या व्याजावर दोन लाखांची सूट मिळेल असे तुम्ही गृहीत धरले आहे. स्वतः राहत्या घराच्या व्याजाची ती सूट जुन्या करप्रणालीत आहे, आणि तुम्ही दोघेही नव्या प्रणालीत आहात.

आता परत जोडा. उरणारे १९,००० आणि भाड्याचे १०,८००, शिवाय एसआयपी बंद करून १२,०००. झाले ४१,८००. हप्ता ५९,१००. दर महिन्याला १७,३०० कमी पडतात, आणि यात मुलाच्या शेवटच्या वर्षाचा लॅपटॉप नाही, एकही लग्नकार्य नाही.

याहूनही मला टोचते ती दुसरी तारीख. सहा वर्षांनी मिस्टरांचा पगार थांबेल, त्या दिवशी या कर्जातले ४४.५ लाख बाकी असतील. तुमच्या निवृत्तीपर्यंतच्या ११ वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता ७०,००० च्या वर जातो. मग सगळ्यांची नजर जाईल ती त्यांच्या पीएफवर. आज त्यात १६ लाख आहेत, तुमच्या एनपीएसमध्ये ११, म्युच्युअल फंडात ६. तुम्ही २००५ नंतर लागलेल्या, मिस्टर कंपनीत, जुन्या पद्धतीची पेन्शन कुणालाच नाही. तुमच्या म्हातारपणाची शिदोरी एवढीच आहे, आणि ती अजून पुरेशी नाही. ती भिंतींत घालू नका.

कागदपत्रांबद्दल तुम्ही "सगळे क्लिअर आहे असे म्हणतात" एवढेच लिहिले आहे. कोण म्हणतात? सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर आज नाव कुणाचे आहे ते पाहा. वडिलांचेच असेल तर आधी वारस नोंद झाली पाहिजे, बहिणींसकट. सदर बझार हा इंग्रजी अमलातला कॅम्प. अशा जुन्या कॅम्प वस्त्यांत जमीन मालकीची आहे, भाडेपट्ट्याची आहे की भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली, हे प्रत्येक घरागणिक तपासावे लागते. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. तळघरात एका जुन्या भाडेकरूचे सामान आहे असे तुम्ही लिहिले आहे, तो कोणत्या कागदावर आहे, तेही विचारा. आणि अमेरिकेतल्या बहिणीचा मुद्दा साधा नाही. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या किमतीच्या व्यवहारात विकणारा इथला रहिवासी असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस, म्हणजे किमतीतूनच आधी कापून सरकारकडे भरायचा कर, कापतो. विकणारी अनिवासी असेल तर तिच्या हिश्श्यावर भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे कितीतरी जास्त टीडीएस कापण्याची जबाबदारी तुमची. तो कापला नाही तर आयकर खाते तिला नाही, तुम्हाला विचारते.

बँकेचेही एक सांगतो. तिचा मूल्यमापक जुन्या कौलारू बांधकामाची किंमत जवळपास नाहीच धरत, जमिनीची धरतो. त्यामुळे ६० तर सोडाच, ४० लाख मंजूर होतील हेसुद्धा आज तुमच्या हातात नाही. आणि इसार तुमच्या हातून गेलेला असेल.

एवढे सगळे लिहून झाल्यावर तुमच्या पत्रातले तिसरे पान पुन्हा समोर घेतले. "सासूबाई आठ महिन्यांत तीनदाच खाली उतरल्या" हे वाक्य त्यात आहे. माझ्या दृष्टीने पत्राचा गाभा तो आहे. आणि त्याच्या खाली तुम्ही लिहिले आहे की कॉलेजच्या दिवसांत मावशीकडे राहून सदर बझारातल्या झाडांखालून चालत जायचात आणि म्हातारपणी तिथेच चालायचे आहे. पहिली गोष्ट आज लागणारी आहे, दुसरी पुढची. त्या दोन्हींसाठी ८८ लाखांची मालकी लागत नाही.

गोडोलीचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. तुम्हीच चौकशी केली आहे, ९,००० येतील. सदर बझारात तळमजल्याची दोन खोल्यांची जागा १३,००० पर्यंत मिळते असेही तुम्ही लिहिले आहे. फरक महिन्याला ४,०००. त्यात सासूबाई पुढच्या महिन्यापासून अंगणात बसू शकतील, एसआयपी चालू राहील, ठेव जागेवर राहील. एक अख्खे वर्ष राहा, पावसाळ्यासकट. परीक्षेच्या काळात गल्लीत गाड्या किती लागतात, रात्री मुलांचा गलका किती असतो, सुट्टीत किती सामसूम होते, ते कळेल. वीस वर्षांची असताना आवडलेली वस्ती पन्नाशीत तशीच आवडते का, हे राहूनच समजते.

वर्षानंतरही मन तिथेच असेल तर त्याच भागात तळमजल्याचा छोटा फ्लॅट बघा. समजा ५५ लाखांचा मिळाला आणि वरखर्च ४. फ्लॅटचे ४०, ठेवीतले ८, कर्ज ११ लाख. अकरा वर्षांचा हप्ता १२,९०० च्या आत, आजच्या १९,००० मध्ये बसणारा, विद्यार्थ्यांच्या भाड्यावर न टेकलेला. जुना फ्लॅट विकून दोन वर्षांच्या आत राहते घर घेतले आणि नफ्याची रक्कम त्यात गेली, तर त्यावरचा भांडवली नफ्याचा करही लागत नाही.

तेच जुने घर हवे असेल, तर माझी मर्यादा २५ लाख कर्जाची. त्याचा अकरा वर्षांचा हप्ता २९,२००, आणि तो मुलाचे शिक्षण संपल्यावरच परवडेल. उलटा हिशोब केला तर घराची किंमत पन्नाशीच्या थोडी पुढे येते. मालक ८८ वरून तिथे येणार नाहीत, हे मलाही माहीत आहे. म्हणून स्पष्टच लिहिले. अडीच गुंठे जमीन कुणीतरी घेईल, कदाचित ते घर पाडलेही जाईल. मलाही त्याचे वाईट वाटेल. साताऱ्यातले असे एकेक घर जाताना मी पाहिले आहे. पण ते वाचवण्याचे ओझे तुमच्या पीएफवर टाकणे मला योग्य वाटत नाही.

तुम्ही शेवटी विचारले आहे, सासूबाई त्यांच्या पाटल्या द्यायला तयार आहेत, घेऊ का. नका घेऊ. त्यांना म्हणा, पाटल्या हातातच राहू द्या.

आणि मालकांना एक फोन करा. इसार देत नाही हे सांगा, आणि त्याच फोनवर विचारा की घर विकले जाईपर्यंत तळमजला भाड्याने देणार का. बंद घरापेक्षा दिवा लागलेले घर त्यांनाही बरे. हो म्हणाले तर लिव्ह अँड लायसन्स करार करा आणि तो अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवूनच घ्या. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असे कुणी सांगेल, पण महाराष्ट्रात ती लागते, आणि ती करून देण्याची जबाबदारी मालकाची असते. खरेदीदार मिळाल्यास किती महिन्यांची नोटीस देतील तेही त्यात लिहून घ्या. मी दोन महिने मागेन, सासूबाईंना घेऊन पुन्हा घर बदलायला तेवढे लागतातच.